दांडीला गेलेला तडा

माझ्या नातीने सायकलवरून डोंगर ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात जायचं ठरवलं. सायकल कोणती घ्यायची, असं तिच्या आईने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आबा म्हणतील ती." चाळीस वर्षं मी सायकली दुरुस्त केल्या, पण एवढा मान मला कुणी दिला नव्हता.

आठ दिवसांचा रस्ता, निम्मा दगडगोट्यांचा. तंबू, अंथरूण, भांडीकुंडी सगळं सायकललाच बांधायचं. सोबतीला तिच्या ऑफिसातली एक मैत्रीण. रविवारी निघायचं होतं आणि आम्ही दुकानात गेलो तो दिवस गुरुवार.

निघताना मी दोन थैल्या वाळूने भरून घेतल्या. आमच्या हिने दारातूनच विचारलं, "सायकल बघायला चाललात की बांधकामाला?"

दुकानात शिरताच मी म्हटलं, "ह्या सायकलींना कॅरिअर कुठंय?"

"नसतं आबा. खडखडून तुटतं. एक पिशवी सीटमागे, एक हँडलला, आणि मोठी ह्या दांडीखालच्या त्रिकोणात."

दुकानदाराने पहिली सायकल काढली, पुढेमागे दोन्हीकडे स्प्रिंग असलेली. "मिस्त्री, गादीवर बसल्यासारखं वाटेल पोरीला."

मी सीटमागे वाळूची थैली बांधली, नातीला वर बसवलं आणि जरा आदळआपट करायला लावली. मागची स्प्रिंग दबली की थैली टायरला घासायची. शिवाय त्या स्प्रिंगनेच त्रिकोण अडवलेला, मग मोठी पिशवी काय डोक्यावर घ्यायची? ती बाजूला ठेवली.

दुसरीला स्प्रिंग फक्त पुढे. टायर रुंद, त्रिकोण मोकळा. दोन्ही थैल्या बांधूनही नातीने ती खांद्यावर घेतली आणि दुकानाच्या पायऱ्या चढून दाखवल्या. ओढ्याला पाणी असलं तर असंच न्यावं लागणार. मी दांडीवर बोटाने वाजवून पाहिलं. लोखंडासारखा नाद येईना, लाकडासारखा बद्द आवाज.

"कार्बन फायबर आहे, मिस्त्री. वजनाच्या मानाने लोखंडाहून भक्कम."

"हीच," मी म्हटलं. नात इतकी खूश झाली की दुकानदारासमोरच तिने माझा गाल ओढला.

निवड चुकली नव्हती, हे मी आजही सांगेन.

माझी एक सवय. नवी असो की जुनी, सायकल माझ्या हातून जायची तर प्रत्येक स्क्रू मी एकदा सैल करून पुन्हा आवळणार. शुक्रवारी सकाळी ती अंगणातल्या शेडमध्ये नेली. तिथे भिंतीला माझी लोखंडी पकड आहे. तिच्यात सायकलची दांडी धरायची, मूठ फिरवायची, की सायकल अधांतरी राहते आणि दोन्ही हात मोकळे होतात. हजारो सायकली मी अशाच धरल्या. मूठ फिरवली. नेहमीसारखा शेवटचा अर्धा फेरा दिला.

कट् असा आवाज झाला. बिस्किट मोडावं एवढाच.

पकड सोडली. दांडीवर केसाएवढी रेघ. अंगठा फिरवला तर नखाला लागत होती. मी चिंधी ओली करून ती पुसली. रेघ असेल तर पुसून जाईल, असं मला खरंच वाटत होतं.

नात चहा घेऊन आली. माझ्याकडे पाहिलं, मग दांडीकडे. खाली वाकून तिने दांडीवरच्या एका चिकटपट्टीवर बोट ठेवलं. पकडीचं चित्र आणि त्यावर लाल फुली. कालपासून ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी त्याला नक्षी समजलो होतो.

"दांडीला नाही धरायचं आबा. सीटच्या नळीला धरायचं."

"लोखंड असतं तर वेल्डिंग केलं असतं," मी म्हटलं.

"हो."

"यावर जाऊ नकोस. उतारावर दांडी गेली तर..."

"नाही जात."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने कप माझ्या हातात दिला आणि दुकानदाराला फोन लावला. तिच्या मापाची तशी दुसरी नव्हती, मागवली तर पंधरा दिवस. मैत्रिणीची रजा पुढे जाणार नव्हती. मग दुकानदाराने गिऱ्हाइकांना चालवून बघायला ठेवलेली सायकल आठ दिवसांसाठी देऊ केली. दोन्हीकडे स्प्रिंगवाली. मी नको म्हटलेली.

"वजन पाठीवर घेईन," ती म्हणाली.

"आठ दिवस? चढावर?"

"मग दुसरं काय करू, आबा? सांगा ना."

सायकल सोडून मला दुसरं येतं काय?

शनिवारी तिने सायकल दुकानातच तपासून घेतली. घरी आणली ती थेट आतल्या खोलीत ठेवली, शेडमध्ये नाही. आमची ही म्हणाली, "अहो, ब्रेक तरी बघा की." मी उठलो. नात हळूच म्हणाली, "राहू दे आबा, झालंय सगळं." मी परत बसलो.

रविवारी सकाळी ती पाठीवर भलीमोठी पिशवी घेऊन फाटकाशी आली. पट्टे तिला खांद्यावर नीट बसवता येईनात.

"आबा, जरा धरता? फक्त हँडल."

मी दोन्ही हातांनी हँडल धरलं. तिने पट्टे ओढले, सोडले, पुन्हा ओढले. ओझ्याने ती किंचित पुढे वाकली होती. डाव्या ब्रेकची तार मला सैल वाटली. सांगावं का?

"सोडा आता," ती म्हणाली.

मी हँडल सोडलं.