चूळ भरायचा पेला

मी पेला बोलतोय. पिण्याचा नव्हे, चूळ भरायचा. नाकं मुरडू नका. तुमची तोंडं मी आतून पाहिली आहेत.

जन्म काचेच्या भट्टीतला. माझ्याबरोबरचे पेले सरबतं मिरवायला गेले. मी आलो कॉफीच्या कारखान्यात, चव पारखायच्या खोलीत. लांब टेबल, त्यावर आकडे घातलेल्या वाट्या, शेजारी थुंकायचं भांडं आणि कोमट पाण्याने भरलेला मी. काम साधं. एका कॉफीची चव जिभेवरून गेल्याशिवाय दुसरी चाखायची नाही. मध्ये माझा एक घोट आणि खळखळून चूळ. शेंबड्या पोरालाही कळेल. इथल्या मुख्य पारख्याला कळत नव्हतं.

त्याचा दिमाख काय सांगावा! चमचा तोंडाला लावून असा फुर्रकन ओढायचा की तावदानं थरथरावीत. मग डोळे मिटून म्हणायचा, "जंगल... ओलं लाकूड... जुनी आठवण." आठवण म्हणे! सकाळी खाल्लेल्या कांद्याची असेल. मला मात्र हात लावायचा नाही. "चूळ नवशिक्यांनी भरावी," असं त्याचं म्हणणं.

एके दिवशी दुसऱ्या वाटीत बाहेरून आलेला नमुना होता, पार कोळसा झालेला. त्याने तो चाखला, थुंकला आणि तोच कडूपणा जिभेवर घेऊन तिसरीला चमचा लावला. "हीसुद्धा करपलेली!" उचलली जीभ लावली टाळ्याला. वर वहीत लिहिलं : 'करपवली. निष्काळजीपणा.'

तिसरी वाटी आमच्या कॉफी भाजणाऱ्या बाईंची होती. अकरा वर्षं त्या भट्टीपाशी उभ्या. वहीतला शेरा वाचून कारखान्याच्या मालकीणबाईंनी त्यांना खोलीत बोलावून घेतलं.

"बाई, असं व्हायला लागलं तर मला तुम्हाला पोती शिवायला बसवावं लागेल."

बाईंचा चेहरा उतरला. त्या वाट्यांकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे.

"साहेब, मध्ये चूळ भरलीत?"

"आता तू मला शिकवणार?"

"शिकवत नाही, विचारतेय. हा पेला काठोकाठ भरलेलाच आहे."

पारखी छताकडे बघायला लागला. मालकीणबाईंनी मला उचललं, वरून घोट घेतला, चूळ थुंकली आणि तिसरी वाटी चाखली.

"ही कुठे करपलीय?" त्यांनी मला त्याच्यापुढे सरकवलं. "भरा."

कडू औषध घ्यावं तशा तोंडाने त्याने चूळ भरली. पुन्हा चाखलं.

"निवल्यावर चव उघडली," म्हणाला. पडला तरी नाक वरच!

"बाई, भट्टी तुमचीच," मालकीणबाई म्हणाल्या. पारख्याने घाईने वही मिटायला घेतली.

"थांबा," बाई म्हणाल्या. "आधी ते खोडा."

त्याने केसाएवढी रेघ ओढली. खालचं सगळं स्वच्छ वाचता येत होतं. बाईंनी त्याच्या हातातून पेन घेतलं आणि असं खोडलं की कागद फाटला. मग कुणाकडेही न बघता त्या भट्टीकडे निघून गेल्या.

हल्ली पारखी रोज चूळ भरतो. मालकीणबाईंना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. माफी मागायला मात्र त्याला अजून तोंड सापडलेलं नाही.

माझी कड उडालीय. आज-उद्या मला फेकतील. फेका खुशाल, मला तुमचं कौतुक नकोच होतं. दुसऱ्याच्या कष्टांना नावं ठेवण्याआधी आपलं तोंड धुवा, एवढंच सांगून जातो. तेही जमत नसेल, तर निदान ते बंद ठेवा.