एकतिसावा दिवस

रास्मिनीचा पहिला रेजांग मी भिंतीपलीकडून ऐकला. धाकटीला तेव्हा एकोणीस दिवस झाले होते, आणि बाळंतिणीचं सोयर आमच्याकडे बेचाळीस दिवसांचं. तोवर देवळाची पायरी चढायची नाही. आमचं परसदार देवळाच्या भिंतीला लागून आहे. तिथे बाळाला पाजत उभी होते आणि गामेलान वाद्यांच्या ठोक्यांवरून अंदाज बांधत होते, आता मुली पुढे आल्या असतील, आता हात पसरले असतील. रेजांगमध्ये कौतुक करण्यासारखं काही नसतंच. तो देवाला बसायला बोलावण्याचा नाच, माणसांनी टाळ्या वाजवण्याचा नव्हे. पण त्या ओळीत माझी नऊ वर्षांची पोर होती, डोक्यावर देवळातला सोनेरी मुकुट घेऊन.

त्या दिवशी सकाळी रास्मिनी फुलांची परडी विसरली म्हणून मी ती द्यायला देवळाच्या वाटेपर्यंत गेले होते, तेवढीच. वीर्ताकाकांनी दहा बायकांसमोर मला थांबवलं. ते माझे चुलतसासरे, नाचाचे मुखत्यार, मुकुटांच्या पेटीची किल्ली त्यांच्याच कमरेला. म्हणाले, "सुकेर्ती, सून असलीस तरी नियम तो नियम. देवाच्या अंगणात तुझी सावली नको." मी परडी जमिनीवर ठेवली आणि मागे फिरले. राग आला नाही. त्यांचं खरंच होतं.

राग आला तो एकतिसाव्या दिवशी.

रास्मिनी तालमीला म्हणून गेली होती. सासूबाई मांडीवर बाळ घेऊन नैवेद्याच्या परड्यांसाठी नारळीची कोवळी पानं कापत होत्या. सहज बोलून गेल्या, की पोरीला आज यायला उशीर होईल, किनाऱ्यावरच्या हॉटेलात संध्याकाळच्या जेवणाला नाच आहे, वीर्तानं पेटीसुद्धा नेलीय.

"कुठली पेटी?"

त्यांची सुरी थांबली. "मला वाटलं, तुला माहितीये. तो म्हणाला, तुला विचारलंय."

मी स्वतः पाच वर्षं हॉटेलात नाचलेय. फुलं उधळलीत, हसून दाखवलंय, जेवणाऱ्यांबरोबर फोटो काढलेत, आणि त्यात मला कधी काही वाटलं नाही. पाहुण्यांसाठी स्वागताचा नाच वेगळा आहे, तो बसवलाच आहे त्याकरता. देवाचा देवाकडे राहावा म्हणून. मुकुटांची पेटी देवळातून फक्त उत्सवाला हलते, तीही तीर्थ शिंपडून, पांढऱ्या छत्रीखालून.

मी स्कूटर काढली.

हॉटेलच्या गच्चीवर ऊन अजून उतरलं नव्हतं. टेबलांवर सूप आलं होतं. अकरा मुली पिवळ्या कापडांत ओळीनं उभ्या, डोक्यांवर मुकुट, आणि कडेला वीर्ताकाका हातात तीर्थाचं भांडं घेऊन. मुलींच्या पायांपाशी त्यांनी नैवेद्यही मांडला होता. ते बघून तर माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वादकानं पहिला ठोका दिला, मुलींचे हात अर्ध्यावर आले. मी सरळ चालत ओळीसमोर जाऊन उभी राहिले.

काका पाहुण्यांकडे बघून हसत हसत माझ्याजवळ आले आणि दातांतल्या दातांत म्हणाले, "बाजूला हो. तुझं सोयर फिटलेलं नाही. मी जागा शुद्ध केलीय."

"म्हणजे हे देऊळ आहे?"

त्यांनी तीर्थाचं भांडं छातीशी ओढलं.

"देऊळ असेल तर मी बाटवलं. नाच बंद करा आणि उद्या गावाच्या सभेत माझं नाव सांगा. देऊळ नसेल तर मला इथे उभं राहायला कुणाची हरकत नाही. मग देवाचे मुकुट इथे कशाला आणलेत?"

"बाई, ती माणसं बघतायत."

"बघू देत. मला बघायला मिळालं नाही, त्यांना मिळतंय. सुपाबरोबर."

माझ्या आवाजाला धार होती, पण खाली पोलकं दुधानं भिजत चाललं होतं. घरी धाकटी रडत असणार, अंगाला ते बरोबर कळतं. रास्मिनी माझ्याकडे बघत नव्हती. तिचा मुकुट थोडा डावीकडे कलला होता, पट्टा कुणी नीट आवळलाच नव्हता. माझा हात आपोआप वर गेला. कुठल्याही आईचा गेला असता.

"हात लावू नकोस!" काका ओरडले. आता पाहुण्यांना ऐकू गेलं.

हात तसाच हवेत ठेवून मी म्हटलं, "हॉटेलात आहे तो. इथे काय होतंय त्याला?"

मी लावला असता का? अजून सांगता येत नाही. मी लावला असता तर अकराच्या अकरा मुकुटांची शुद्धी करावी लागली असती आणि पेटी देवळाबाहेर का होती ते गावाला सांगावं लागलं असतं. काकांनी तो हिशोब माझ्याआधी केला. त्यांनी भांडं खाली ठेवलं, पांढरं कापड पसरलं आणि आपल्या हातांनी एकेक मुकुट उतरवायला लागले. मुकुट कापडावर ठेवायला वाकताना ते दर वेळी गुडघा धरत होते. त्यांना म्हातारपणाची दया मागायची असेल तर त्यांनी ती दुसरीकडे मागावी.

मग मुलींनी मोकळ्या डोक्यांनी स्वागताचा नाच केला. त्यांना तो झोपेतही येतो. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना फरक कळला नाही.

परतताना रास्मिनी स्कूटरवर माझ्या पाठीला टेकून बसली नाही. मागचा दांडा धरून बसली. घराजवळ आल्यावर म्हणाली, "मेमे, मी चुकत नव्हते."

"माहितीये गं."

"तुला कसं माहीत? तू बघितलंस कुठे?"

धाकटी आतून किंचाळत होती. मी आत जाऊन तिला छातीशी घेतलं आणि रास्मिनीचे विस्कटलेले केस दुसऱ्या हातानं सोडवत बसले. तिनं डोकं काढून घेतलं नाही, एवढंच.

वीर्ताकाका माझ्याशी बोलत नाहीत. सभेत माझं नावही घेत नाहीत, कारण ते घ्यायचं तर मी मुकुटाजवळ कुठे उभी होते हे सांगावं लागेल. पेटीची किल्ली अजून त्यांच्याच कमरेला आहे. ती मात्र मी काढून घेणार आहे. सभा देवळाच्या अंगणात भरते आणि माझं सोयर आणखी चार दिवस आहे. पाचव्या दिवशी पेटी कुठे गेली होती ते सभेत मीच सांगीन.

देवळाचा उत्सव दोनशे दहा दिवसांनी फिरून येतो. माझ्या मुलीचा रेजांग मी अजून पाहिलेला नाही.