भावोजींची जीभ

आमचे भावोजी, म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ, सुपाच्या पाकिटांच्या कारखान्यात चव घ्यायला आहेत. चमचा तोंडात घालायचा, घोट घोळवायचा, बेसिनमध्ये थुंकायचा आणि कागदावर बरोबरची खूण करायची. एवढ्याशा कामाचा तोरा बघायचा असेल तर आमच्या घरी यावं.

गेल्या वर्षी ह्यांचं हृदय अशक्त झाल्याचं कळलं. मीठ जास्त झालं की अंगात पाणी साठतं आणि त्याचा भार हृदयावर पडतो, असं डॉक्टरांनी बजावलं. साखरही बेतानंच खा म्हणाले. मी स्वयंपाकघरातून मीठ जवळपास हद्दपार केलं. तर भावोजी दर रविवारी टोमॅटो सुपाची डझनभर पाकिटं घेऊन हजर. मीठ नावालाच आहे, मी स्वतः चाखलंय, असं छातीठोकपणे सांगायचे. पाकिटामागचे बारीक आकडे मी दाखवले, तर आकडे छापणाऱ्याला चवीतलं काय कळतं, असं मलाच विचारलं. आणि आमचे हे, भावाच्या कौतुकापायी रोज दोन वाट्या रिचवत होते. महिन्याभरात पाय सुजले, आडवं झालं की धाप लागायला लागली. भावोजींच्या मते हे वयामुळे. ह्यांचं वय सत्तेचाळीस.

काल मी टोमॅटो उकळून दोन वाट्या भरल्या. एकीत काहीच घातलं नाही. दुसरीत चमचाभर मीठ आणि ते लपवायला दोन चमचे साखर. बिनमिठाची कोणती ते ओळखा म्हटलं. भावोजींनी डोळे मिटून दोन्ही घोट घोळवले, माझ्या घासलेल्या भांड्यांवर थुंकले आणि खारट वाटीवर बोट ठेवलं.

मी आत काय होतं ते सांगितलं. त्यांनी पुन्हा चाखलं, मग आणखी एकदा, आणि तोंड एवढंसं झालं. मला वाटलं, आता तरी भावाच्या सुजलेल्या पायांकडे बघतील.

“वहिनी,” ते हळूच म्हणाले, “कारखान्यात कुणाला कळता कामा नये.”

“नाही सांगणार ती,” हे खुर्चीतून धापा टाकत म्हणाले. “त्याची नोकरी जाईल गं.”

“आणि तुमचा जीव गेला तर?”

ह्यांनी तीच खारट वाटी पुढे ओढली आणि भावाला वाईट वाटू नये म्हणून एक घोट घेतला.