चिंबोरीचे पाय

अमिषाच्या गाडीला आमच्या गावात कुणी बग्गी म्हणत नाही. चिंबोरी म्हणतात, खाडीतला खेकडा. ती पहिल्यांदा दारात आली तेव्हा शेजारच्या चंद्राबाईने ओट्यावरून मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाली, "काय गो कमळ, ही चिंबोरी कुठनं धरली पोरीनं?"

खोटं नव्हतं. चार चाकं चार कोपऱ्यांना अंगाबाहेर फाकलेली, मधे बुटकं अंग, वर लोखंडी नळ्यांचा पिंजरा आणि पुढे डोळे वटारल्यासारखे दोन दिवे. रस्त्यावर चालवायची परवानगी नाही. बसणार दोन माणसं, आणि सामानाला मागे पाटाएवढी जागा. एवढी घ्यायला माझ्या लेकीने सहा वर्षं काशीदच्या किनाऱ्यावर दुसऱ्याच्या गाडीतून पर्यटकांना वाळूत फिरवलं. मी एकदाच तिच्या शेजारी बसले. वाळूच्या उंचवट्यावरून चिंबोरी अशी उडाली की मी वर गेले आणि माझं काळीज खालीच राहिलं. उतरल्यावर पिंजऱ्याची नळी हातातून सोडवेना. अमिषा घाबरून म्हणाली, "आई, ठीक आहेस ना?" मी म्हटलं, "परत बसव."

तर ही चिंबोरी जैसलमेरला न्यायची होती. तिथे वाळवंटात असल्या गाड्यांची शर्यत असते. गेल्या वर्षी एका भाड्याच्या टेम्पोतून नेली. पोचली तेव्हा पुढच्या चाकाचा दांडा वाकला होता आणि इंजिनात हवा जाते त्या नळीत मूठभर धूळ. तपासणाऱ्यांनी फाटकातूनच परत पाठवलं. पोरगी एवढ्या लांब जाऊन दुसऱ्यांच्या गाड्यांना टाळ्या वाजवून आली. आठ दिवस जेवताना "भाकर दे" आणि "पुरे" याखेरीज काही बोलली नाही. यंदा तिने पुन्हा नाव दिलं, पण लागोपाठ दोनदा तपासणीत बाद झालं की तिसऱ्यांदा नाव घेत नाहीत, असा त्यांचा नियम. तिला गाडी चालवता येते, त्याची काळजी कुणालाच नव्हती. गाडी धड पोचते का, एवढंच होतं.

"मी नेतो," आमचे हे म्हणाले.

आमचे हे म्हणजे बुधाजी. बावीस वर्षं न्हावा शेवाच्या बंदरातून कंटेनर ओढतात. कंटेनरला ते डब्बा म्हणतात, जसा काही मी त्यांना सकाळी भरून देते. "आजवर एक डब्बा हलला न्हाय माझ्या गाडीवर," हे त्यांचं वाक्य आमच्या घरात देवाच्या तसबिरीसारखं टांगलेलं आहे. दिराचा पिकअप घ्यायचा, मागे छोटा ट्रेलर जोडायचा, असं ठरलं.

"मीपण येते," मी म्हटलं.

"तू काय करशील तिथं?"

"तुम्ही काय करता ते बघेन."

लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. हा माणूस दर आठवड्याला कुठेतरी जातो आणि परत येतो. मधे काय असतं, मला ठाऊक नव्हतं.

चिंबोरी किनाऱ्याजवळच्या एका वाडीत ठेवलेली असायची, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी आम्ही तिघं काशीदला गेलो. यांनी आल्या आल्या ताडपत्री उलगडली. मी म्हटलं, "थांबा. आधी आंघोळ."

"कुणाची?"

"तिची. लोणचं घालायचं हाय काय गाडीचं?"

माझ्या माहेरी मिठागर होतं. शिकले मी सातवीपर्यंतच, पण मिठाची मला पुरी ओळख आहे. ते सुकल्यासारखं दिसतं, सुकत नाही. हवेतलं पाणी पितं आणि झाकलेल्या लोखंडाला गुपचूप खातं. खाऱ्या, ओल्या गाडीवर ताडपत्री घालून तीन दिवस उन्हातून न्यायची म्हणजे पोचेपर्यंत बरणीच. मग वाडीतल्या विहिरीचं गोडं पाणी काढलं. अमिषा उताणी पडून चिंबोरीच्या पोटाखाली शिरली आणि एकेक सांधा धुतला. पुढे दुपारभर वाऱ्यावर सुकवली. तेवढ्यात अमिषाने पुढची काच काढून गोधडीत गुंडाळली. हवेच्या नळीचं तोंड आणि धुराची नळी स्वच्छ कापडाने, वरून प्लॅस्टिकने बांधून टाकली. सीटखालचे पाने, आरसे, सुटं जे जे होतं ते काढून पिकअपमध्ये ठेवलं. "वाऱ्यात ताडपत्री फडफडली ना आई, की पॉलिश पेपरसारखी घासते. रंग जातो, तारा सोलतात." म्हणून पिंजऱ्याच्या प्रत्येक कोपऱ्याला माझी जुनी सुती लुगडी गुंडाळली, त्यावर ताडपत्री, आणि त्यावर ठमी कोळणीने दिलेलं जुनं जाळं घट्ट ओढून बसवलं. ठमी म्हणाली, "या जाल्यातनं पापलेट सुटला न्हाय कधी, तुजी ताडपत्री कुठं जाते?" खरंच, हाताने ओढून बघितलं तर कापड तसूभर उचललं जाईना. पाण्यात मऊ लोंबणारं ते जाळं एवढं कडक होतं, हे मी पन्नासाव्या वर्षी बघत होते.

भांडण झालं ते बांधण्यावरून.

यांनी चारही पट्टे चिंबोरीच्या पिंजऱ्याला अडकवले, चार कोपऱ्यांतून खाली ओढले आणि दातेरी खटक्याने कडकड आवाज करत असे आवळले की चिंबोरी बसकण मारल्यासारखी खाली दबली.

"पप्पा, असं नाही. चाकं बांधायची. वरचं अंग मोकळं ठेवायचं."

"चाकं? अगं, चाकं बांधून वरचा माल हलू द्यायचा? चार कोपरे लॉक केले की डब्बा मेला तरी हलत न्हाय."

"डब्ब्याला स्प्रिंग नसतात."

"बावीस वर्षं..."

"माहितीये!" अमिषा म्हणाली आणि गप्प झाली. तिचं ते गप्प होणं मला गेल्या वर्षीपासून ओळखीचं होतं. पण बाप कामातून सवड काढून आला होता. ती उरलेल्या दोऱ्या गुंडाळायला लागली.

पहाटे निघालो. रेवदंड्याचा पूल ओलांडला, चौलच्या वाड्या मागे पडल्या, अलिबाग आलं. पुढे पोयनाडचे खड्डे. अमिषा मागच्या काचेतून ट्रेलरकडे बघत होती, हे समोर बघत होते आणि मी दोघांकडे. वडखळला हे चहाला थांबले. चहा सांगितला आणि न पिताच उठले.

मी मागून गेले. आणि तिथे मी माझ्या नवऱ्याला पहिल्यांदा कामावर बघितलं. ट्रेलरच्या चाकाला त्यांनी हाताची मागची बाजू लावली, लेकराचा ताप बघतात तशी. एक चाक, दुसरं चाक. मग वाकून जोडाच्या खिळीवरून बोट फिरवलं. साखळी उचलून सोडली आणि तिचा आवाज ऐकला. कुणाशी बोलणं नाही, घाई नाही. घरी हा माणूस चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतो. इथे त्यांच्या हातांना सगळं ठाऊक होतं. गुजरात, मध्य प्रदेश, कुठल्या कुठल्या नाक्यांवर, इकडे मी जेवण झाकून झोपलेली असताना, हे असेच एकेका चाकाचा ताप बघत फिरले असणार.

उजवीकडे गेले आणि ते थांबले.

पुढच्या पट्ट्याचा हूक निसटून खाली लोंबत होता. दुसरा पट्टा सैल. चिंबोरी वीतभर सरकली होती. तिचा पुढचा दांडा, तोच गेल्या वर्षी वाकलेला, ट्रेलरच्या लोखंडी कठड्यापासून चार बोटांवर होता. आणखी दोन खड्डे आणि संपलं असतं.

अमिषा धावत आली. तिने बघितलं. दांडा आणि कठडा यांच्या मधे चार बोटं घालून बघितली.

हे पट्टा हातात घेऊन उभे राहिले. यांची मान खाली गेलेली मी फार वेळा बघितलेली नाही. "मी तर पुरा आवळलेला," एवढंच म्हणाले, पट्ट्याला.

मला गाडीतलं कळत नाही. पण समोर जाळ्यात गुंडाळलेली ती चिंबोरी बसली होती, आणि मला बाजारातली चिंबोऱ्यांची पाटी दिसली.

"आवो," मी म्हटलं, "चिंबोरी बांधताना पाठीला दोरी बांधतं काय कोण?"

"काय?"

"नांग्या बांधतात, पाय बांधतात. पाठीला बांधाल तर ती पायांवर उठेल, बसेल आणि दोरीतून निघून जाईल. हिला पाय हायत. तुमच्या डब्ब्याला न्हाईत."

हे हातातला पट्टा टाकून ट्रेलरवर गेले. मग चिंबोरीवर चढले, पिंजऱ्यावर दोन्ही हात टेकून सगळं वजन टाकलं. ती दबली. सोडलं, वर आली. दबली की सारे पट्टे लोंबायचे, वर आली की ताठ. पुन्हा दाबलं. पुन्हा. चहावाला बघायला आला. पाच-सहा वेळा दाबून झाल्यावर हे खाली उतरले.

"प्रत्येक खड्ड्याला पट्टा ढिला पडतो," ते म्हणाले. "पडतो आणि परत ओढला जातो. हूक राहील कुठं?" मग लेकीकडे वळले. "तू सांगत होतीस."

"हो."

"मग ओरडायचं माझ्यावर."

"तुम्ही बावीस वर्षं..."

"बावीस वर्षं डब्बेच ओढले गं. चल, दाखव. कशी बांधायची ती सांग, आवळतो मी."

तासभर लागला. प्रत्येक चाकाला स्वतंत्र पट्टा, वरून घेऊन पुढेमागे खाली कड्यांत. चाकांना ओंडके. अमिषा सांगत होती आणि बाप तिच्यासमोर गुडघ्यावर बसून, "एवढा? अजून एक दात?" असं विचारत होता. शेवटी त्यांनी पुन्हा वर चढून दाबलं. अंग खालीवर झालं, चाकं जमिनीत रुजल्यासारखी. पट्टा एक दोरासुद्धा ढिला पडला नाही. "आयला," हे हळूच म्हणाले. देवळात म्हणावं तसं.

त्यानंतर तीन दिवस दर शंभर किलोमीटरला हे थांबले आणि दर वेळी मी मागे गेले. तिसऱ्या दिवशी झाडं संपली. मग घरं संपली. मला वाटलं, आता काहीतरी येईल, आणि काहीच आलं नाही, आभाळ तेवढं येत राहिलं. पुढे वाळूचे डोंगर दिसायला लागले. भरतीचा समुद्र लाट उगारून तसाच थांबलेला, आवाज नाही, पाणी नाही. मी दोन हात जोडले. कुणाला, ते कळलं नाही.

तपासणीला एक पोरगेलासा माणूस बॅटरी घेऊन चिंबोरीखाली शिरला. जाळं, ताडपत्री, लुगडी, सगळं सोडलेलं. अमिषा एका बाजूला ताठ उभी. हे, दवाखान्याच्या दारात माणसं उभी राहतात तसे, टोपी हातात. त्याने दांडा हलवून बघितला. तारा बघितल्या. हवेच्या नळीचं बांधलेलं कापड सोडलं, आत बोट फिरवलं आणि बोट उन्हात धरलं.

बोट स्वच्छ होतं.

त्याने पास झाल्याचा एक हिरवा चौकोनी कागद काढला आणि पिंजऱ्याच्या नळीवर चिकटवला. "कहाँ से आये?" त्याने विचारलं.

"रायगड," हे म्हणाले. "समुंदर से." आणि हातातली टोपी डोक्यावर घातली.

दुसऱ्या सकाळी चिंबोरी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. झेंडा पडला. ती समोरच्या वाळूच्या डोंगरावर चढली, माथ्यावर एक क्षण चारही पाय हवेत, आणि पलीकडे गेली. राहिली ती नुसती उडालेली वाळू. मग बऱ्याच वेळाने, फार लांबच्या दुसऱ्या माथ्यावर एक ठिपका दिसला.

"ती बघ!" हे म्हणाले.

"ती न्हाय. ती निळी हाय."

"तीच हाय, कमळ. मी बांधली, मला म्हायीत न्हाय?"

ठिपका आमच्याकडे वळला. आणि आमचे हे, मधे दोन-तीन मैल वाळू असताना, दोन्ही हात वर करून बंदरात मोठी गाडी मागे घेताना करतात तसे पंजे हलवत ओरडायला लागले, "येऊ दे! येऊ दे! येऊ दे!"

लोक बघत होते. मी त्यांना थांबवलं नाही.