पाळी कुणाची?

मित्रांनो, आणि मैत्रिणींनो तर दोनदा! मी एक म्हातारा बेडूक आहे. तुमच्या पुस्तकातल्या चित्रात असतो तो हिरवा, गुळगुळीत, टुणटुण उड्या मारणारा नव्हे हं. मी मातकट रंगाचा, अंगभर चामखिळी असलेला आणि उडी मारण्यापेक्षा चालणं बरं असं मानणारा. सांगलीतल्या एका दवाखान्याच्या मागे मोरीजवळ एक फुटका रांजण आहे. त्याच्या सावलीत माझं बिऱ्हाड. मला बघून लोक "शी!" म्हणतात. म्हणू देत. एके काळी याच दवाखान्यात माझं उत्तर मिळेपर्यंत डॉक्टरांना चहा गोड लागत नसे. खोटं वाटतं? मग बसा इथे, आणि ऐका.

माझा जन्म औंधचा. यमाईच्या डोंगराखालच्या तळ्यात पाणवनस्पतीला गुंडाळलेली बुळबुळीत माळ होती, तिच्यातला एक काळा ठिपका म्हणजे मी. आधी मला शेपटी होती, पाय नव्हते. मग पाय आले आणि शेपटी गेली. ती नेमकी कुठे गेली हा प्रश्न मला अजून पडतो. प्रश्न पडणं ही माझी जुनीच खोड आहे.

मग तो मोठा दुष्काळ आला. तळ्याची ढेकळं झाली. गावच्या पोरांनी मला पाटावर बसवलं, घरोघर नेलं, आणि बायकांनी माझ्या डोक्यावर तांब्या-तांब्या पाणी ओतलं. का, तर त्यामुळे पाऊस येतो म्हणे! पाऊस आला नाही आणि बोल मला लागला. "हे बेडूकच कुचकामी!" मी मनात म्हटलं, अरे, पावसाचं मला काय विचारता? माणसांना बेडकाकडून नेहमी भलतंच काहीतरी जाणून घ्यायचं असतं. पुढे ते किती खरं होणार होतं, हे मला तेव्हा कुठलं माहीत!

आमच्या भागात तात्याबा नावाचा माणूस बेडूक पकडून सांगलीला द्यायचा. गुळगुळीत बेडूक कॉलेजात जायचे, मुलांना चिरून शिकायला. तिथून माघारी आलेला कुणी मी पाहिला नाही. आम्ही खरबरीत नर मात्र दवाखान्यात गेलो. दिसायला कुरूप असण्याचा असाही फायदा असतो, मित्रांनो!

दवाखाना बायकांचा होता. डॉक्टर शरयूबाई मूळच्या वाईच्या. बोलायला झरझर, चालायला त्याहून झरझर. तपासणीची खोली सांभाळणारे अण्णा मात्र सगळं सावकाश करायचे आणि मधूनमधून सुस्कारे सोडायचे. मला एका काचेच्या मोठ्या बरणीत ठेवलं. वर जाळी, खाली ओली माती, आणि जेवायला झुरळं. राजेशाही थाट!

आता माझं काम सांगतो, नीट समजून घ्या. नाकं मुरडू नका. बाईच्या पोटात बाळ रुजलं, की पोट दिसायच्या कितीतरी आधी तिच्या शरीरात एक खास द्रव्य तयार होतं. त्यातलं थोडं लघवीवाटे बाहेर पडतं. ती लघवी गाळून अण्णा सुईने माझ्या पाठीच्या कातडीखाली टोचायचे. मग दोन-तीन तास वाट बघायची. नंतर माझ्या लघवीचा थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. त्यात माझी बारीक नरबीजं वळवळताना दिसली, की बाईला दिवस गेले. नाही दिसली, तर नाही. बघा, बाळ तिच्या पोटात, आणि खबर माझ्या पोटात! कोण कुठली पलूसची बाई आणि कोण कुठला औंधचा बेडूक. आमच्या शरीरांची ही ओळख कुणी करून दिली असेल?

शरयूबाईंनाही हेच कुतूहल होतं. बेडूक किती लवकर सांगतो, आणि किती वेळा चुकतो, याचा त्या अभ्यास करत होत्या. अशा अभ्यासाला दोन्ही तऱ्हेची लघवी लागते. दिवस गेलेल्या बायांची, आणि नक्की न गेलेल्यांचीही. बाटलीवर नाव नसायचं, फक्त रंगीत दोरा. उत्तर आल्यावरच शरयूबाई सांगायच्या की ही कुणाची. आणि जो बेडूक सारखा चुकेल, तो बाद.

माझी बरणी खिडकीत होती. पलीकडे व्हरांड्यात बायका बसायच्या आणि हळू आवाजात एकमेकींना विचारायच्या, "कावळा कवा शिवला गं?" मी भिंतीला चिकटून बसायचो. कावळा बेडकाला उलथा करून टोचतो, हे मला ठाऊक होतं. पण तो बायकांच्या इतका मागे का लागतो? आणि शिवला नाही म्हटलं की एखादी हसते काय, एखादी रडते काय! मला काही उमगेना.

दुष्काळ सरल्यानंतरचं ते वर्ष. संक्रांत होऊन बरेच दिवस झाले होते. पलूसहून जोतीराम आणि त्याची बायको मनुबाई आली. उसाचं रान कालव्यावर भिजणारं, घर खाऊनपिऊन सुखी. पण मनुबाईला दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा सुरुवातीलाच गर्भ पडला होता. त्यानंतर दोन वर्षं काहीच नाही. शरयूबाईंनी ठरवलं, भूल देऊन गर्भपिशवीच्या आतलं अस्तर थोडं खरवडून तपासायला पाठवायचं. दोष कुठे आहे ते तरी कळेल.

त्यांनी मनुबाईकडे बघून विचारलं, "पाळी वेळेवर येते ना?"

मनुबाईने नवऱ्याकडे बघितलं. जोतीराम फेटा सावरून म्हणाला, "व्हय बाई, अगदी टायमाला."

"शेवटची कधी आली?"

"गेल्या बेस्तरवारी की."

"भरपूर असते?"

"लय! रातभर चालली. पार वसंडून गेली बघा."

शरयूबाईंच्या भुवया वर गेल्या. "त्रास होतो का?"

"हुतो की! रातभर हुबं ऱ्हायाचं म्हंजी पाठ मोडती."

"उभं कशाला राहायचं? अशा वेळी पडून राहावं."

जोतीराम चाटच पडला. "पडून कसं भागंल, बाई?"

"शेतातल्या बायकांचे हे हाल," असं पुटपुटत शरयूबाई अण्णांकडे वळल्या. "उद्या सकाळी हिला टेबलावर घेऊ. आणि हिची बाटली आजच मी घेते, दोरा बांधून. हिला पाळी नुकतीच येऊन गेलीय. 'नाही'वाल्यांत चालेल." शेवटचं वाक्य त्या स्वतःशीच म्हणाल्या, पण मला ऐकू आलं.

लाल दोऱ्याची बाटली आली. त्या दिवशी टोचून घ्यायला मी होतो. सुई टोचली. मी बसून राहिलो. आणि मित्रांनो, मला आतून जाणवलं! अण्णांनी थेंब बघितला. पुन्हा बघितला. सुस्कारा सोडला.

"डॉक्टर, लाल दोरा. आहे म्हणतोय."

"लाल? ती तर मनुबाई. उद्या जिचं अस्तर घ्यायचंय ती."

"मग हा बेडूक बाद," अण्णा म्हणाले. "बिघडला. देऊ सोडून गटारीत."

माझ्या चामखिळीसुद्धा ताठ झाल्या! पण शरयूबाई म्हणाल्या, "थांबा. त्याच बाटलीतलं दुसऱ्याला टोचा."

दुसऱ्याला टोचलं. पुन्हा वाट बघणं. चहा गार झाला. दुसराही म्हणाला, आहे.

"दोन्ही बाद?" अण्णांनी विचारलं.

"अण्णा, दोन बेडूक ठरवून एकच थाप मारतील का हो? बेडूक खरं बोलत असतील, तर मग आपल्यालाच कुणीतरी भलतं सांगितलंय." त्या तशाच उठल्या आणि मनुबाईला घेऊन खोलीत आल्या. मागोमाग जोतीराम. त्याने तोंड उघडताच त्या म्हणाल्या, "तुम्ही नाही. तिला बोलू दे. मनुबाई, पाळी कधी आली?"

मनुबाई गोंधळली. "त्ये ह्यास्नी ठावं की, बाई. रातीचं उसाला पानी पाजाय हेच जात्यात."

मग शरयूबाईंनी कपाळावर हात मारला. "अगो बाई! कालव्याच्या पाण्याची पाळी!"

"मग दुसरी कंची?" जोतीराम म्हणाला. "मी म्हनलं, डाक्टरीनबाई आदी रानाची इचारपूस करत्यात. चांगलं वाटलं मला."

अण्णा भिंतीकडे तोंड करून हसत होते. शरयूबाई हसल्या नाहीत. त्या मनुबाईशेजारी बाकावर बसल्या. "मी तुझी विचारत होते गं. तू बाहेर कधी बसलीस?"

मनुबाईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "कावळ्यानं लय दीस त्वांड दावलं न्हाई, बाई. संक्रांतीला सुदिक न्हाई."

तेव्हा मला कळलं, तो कावळा कुठला ते! जोतीरामला हसायचा मला काय अधिकार होता?

"मग सांगितलं का नाहीस?"

"दोनदा सांगितलं, दोनदा ग्येलं. लोक म्हनाय लागलं, हिच्या त्वांडालाच फळ न्हाई. म्हून म्हनलं, आता गप ऱ्हायाचं. आन हितं..." ती थांबली. "हितं मला कुनी इचारलंच न्हाई की."

शरयूबाईंनी आपल्या हातांकडे बघितलं. "उद्या सकाळी मी माझ्या हाताने..." एवढंच त्या बोलल्या. जोतीरामला अर्थ कळला. अस्तराबरोबर बाळही खरवडलं गेलं असतं. त्याने फेटा काढून हातात घेतला.

टेबलावर घेणं रद्द झालं. पण बाळ राहील का, ते कुणाला सांगता येत नव्हतं. दोनदा गेलेलं होतं ना! मनुबाईला घरी विश्रांती. दर आठवड्याला तिची बाटली यायची, म्हणजे बाळ टिकलंय की नाही ते आम्ही सांगू. एका बेडकाला सारखं टोचून चालत नाही, म्हणून आमचीही पाळी लागली. एकदा मी, एकदा दुसरा, एकदा तिसरा. बघा, प्रत्येकाची पाळी वेगळी!

बाटली घेऊन जोतीराम एसटीने यायचा. धडप्यात गुंडाळून, छातीशी धरून. कंडक्टर विचारायचा, "काय तूप न्हेतोस व्हय रं पावण्याला?" तो म्हणायचा, "तुपापरास म्हागाचं हाय."

मला मात्र आता भीती वाटायला लागली होती. पूर्वी "नाही" सांगताना मला काही वाटायचं नाही. आता माझ्या पाळीला मी मनात म्हणायचो, देवी यमाई, "आहे"च निघू दे. आणि निघायचं! आठवड्यामागून आठवडा, आहे, आहे, आहे.

आणि एके दिवशी माझ्याच पाळीला, काही नाही. काचेवर नुसतं पाणी. अण्णांनी दुसऱ्या बेडकाला टोचलं. नाही. शरयूबाई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. मी बरणीच्या कोपऱ्यात तोंड खुपसलं. मला वाटलं, मीच काहीतरी सांडलं, मीच हरवलं.

बाहेर जोतीराम चुळबुळत होता. शरयूबाई त्याला आत घेऊन हळुवार म्हणाल्या, "मनुबाईला बरं नाही का? पोटात दुखलं? अंगावर काही गेलं?"

"न्हाई की. सकाळी लोनचं मागत हुती."

"मग हे असं कसं..."

जोतीराम मान खाली घालून टाचेने फरशी घासायला लागला. "बाई, रागावू नगा. एसटी गचकली आन बाटली सांडली. मोकळी कशी आनू? तवा म्हनलं, नवराबायकू काय निराळी असत्यात व्हय? मग मी माजीच..."

अण्णांच्या हातातली काच खाली पडून फुटली. शरयूबाई आधी लालबुंद झाल्या, आणि मग इतक्या हसल्या की डोळ्यांना पाणी आलं. "जोतीराम, तुमचा निकाल लागला हो. तुम्हाला दिवस गेलेले नाहीत!"

मग त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "आता शेवटचं सांगते. तिचं उत्तर तिचंच असतं. तुम्ही तिच्याऐवजी तोंडाने द्यायचं नाही, आणि बाटलीनेही नाही." दुसऱ्या दिवशी खरी बाटली आली. मी विनंती न करताच पहिल्या थेंबात उत्तर दिलं. आहे!

भाद्रपदात मनुबाईला मुलगी झाली. शरयूबाईंनीच तिचं नाव सुचवलं, क्षमा. का ते त्यांनी सांगितलं नाही. जोतीराम बर्फी घेऊन आला आणि अण्णांच्या डोळ्यांदेखत एक तुकडा माझ्या बरणीत टाकला. मी बर्फी खात नाही. पण तिला मुंग्या लागल्या, आणि मुंग्या मी आनंदाने खातो!

माझे ते वैभवाचे दिवस. पुढे मुंबईहून एक छोटी पेटी आली. काचेवर दोन थेंब मिसळायचे, आणि उत्तर चहा उकळायच्या आत हजर. ना झुरळं, ना माती, ना बेडूक. शरयूबाईंनी तिचाही अभ्यास केला आणि मान डोलावली. मला वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, सुई चुकली याचा आनंदही झाला. अण्णांनी आम्हाला मागच्या दारी सोडलं. सुस्कारा सोडून म्हणाले, "जा बाबांनो. पेन्शन काही देता येत नाही."

तेव्हापासून हा रांजण. मोरी घासणारे माझ्यावर गरम पाणी ओततात, पोरं दगड मारतात, कुणी म्हणतं बेडकाला हात लावला की चामखिळी येतात. ज्याच्या तोंडून घराघरांतली पहिली बातमी कळायची, त्याला आता शी आणि हाड!

पण परवा एक गंमत झाली. एक फ्रॉकवाली पोर रांजणाजवळ आली. हातात दगड. मी डोळे मिटले. तेवढ्यात आवाज आला, "ए क्षमे! ठेव त्यो दगड!"

मनुबाई! अण्णांनीच तिला माझा रांजण दाखवला असणार. तिने पोरीचा हात धरला. "मला भाऊ न्हाई, ठावं हाय नव्हं तुला? पोरगी पोटुशी ऱ्हायली की पयली खबर म्हायेरी कळती. तुजी खबर कुनाच्याबी आदी ह्याला कळली. मामा हाय त्यो तुजा. मामाला दगड मारत्यात व्हय गं?"

पोरीने दगड ठेवला. पण गेली नाही. उकिडवी बसली, नाक माझ्या नाकाजवळ आणलं आणि विचारलं, "मामा, तुमाला कसं काय कळलं?"

मित्रांनो, मैत्रिणींनो, इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं! सगळ्यांनी माझ्याबद्दल अण्णांना विचारलं, डॉक्टरांना विचारलं. मला, माझ्या तोंडावर, फक्त तिने. माझा गळा फुगला. मी म्हटलं, "डरांव." त्याहून जास्त मला येत नाही, आणि खरं सांगायचं तर पुरतं उत्तर मला माहीतही नाही.

म्हणून एवढंच मागणं आहे. आम्हाला दगड मारू नका, आमची तळी बुजवू नका. ज्याचं दुखणं आहे, ज्याची बातमी आहे, त्यालाच विचारा, आणि तो बोलेपर्यंत थांबा. आणि क्षमाने विचारलेला प्रश्न तुम्ही मोठे होऊन, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून सोडवा. मी माझं काम केलं. आता पाळी तुमची.