आत ढग अडकलेला पेन

मी एक जुना पेन आहे. मित्रांनो, मला पाहिलंत तर तुमचा विश्वास बसणार नाही, कारण मी अगदी नवा दिसतो. माझं सगळं दुःख त्या नवेपणातच आहे.

मी जन्मलो अ‍ॅक्रिलिकच्या एका दांड्यातून. निळा दांडा, आत पांढरट वळणं. पेन बनवणाऱ्या बाबांच्या कारखान्यात असे बरेच दांडे फळीवर उभे असायचे. कारखाना म्हणजे काय, एक लांबट खोली, एक खिडकी आणि दांडा फिरवून तासायचं एक यंत्र, म्हणजे लेथ. बाबांची मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. तिला सगळे खारूताई म्हणत, कारण हातात येईल ते ती कुरतडायची. फ्रॉकची कॉलर, पट्टीची कड, वहीचा कोपरा. तिने फळीवरून मला निवडलं आणि म्हणाली, "बाबा, याच्या आत ढग अडकलाय. मला हाच."

बाबांनी मला लेथवर चढवलं. हत्याराखालून माझे निळे कीस लांबच लांब निघाले आणि खारूताईने ते केसांत खोवून घेतले. आकार आला, पण मी होतो धुरकट, खरखरीत. मग घासणं सुरू झालं. बाजूला पाण्याची वाटी, त्यात बुडवलेला वॉटर पेपर. कोरडं घासलं तर आमचं अंग तापतं, वितळतं, म्हणून पाणी हवंच. आधी जाड पेपर, मग त्याहून बारीक, मग त्याहून बारीक. दर पेपरनंतर बाबा लेथ थांबवायचे, मला पुसायचे आणि लांबीच्या दिशेने हाताने घासायचे, म्हणजे गोल गोल चरे उरत नाहीत. पेपरचा एकही नंबर गाळायचे नाहीत. म्हणायचे, "चकाकी चुगलखोर असते. वर कितीही पॉलिश चढवा, खालचा चरा ती चारचौघांत सांगते." शेवटी पेस्ट लावून कपड्याने फिरवलं आणि माझ्या आतला ढग स्वच्छ दिसू लागला.

पेन हातात देताना त्यांनी बजावलं, "खारूताई, हा लिहायचा आहे. खायचा नाही."

तिने मान डोलावली. मनापासून डोलावली. पण हातच्याची वजाबाकी आली की बिचारीचा इलाज चालत नसे. हातचा कुठून घ्यायचा हे आठवेपर्यंत माझं टोक तिच्या तोंडात गेलेलं असायचं. दोनेक महिन्यांत माझ्या शेपटाशी खाचा पडल्या. वरच्या अंगाला तीन, आणि दुसरी-तिसरीच्या मध्ये एक मोकळी जागा. तिथला दुधाचा दात पडला होता.

हे फक्त आईला ठाऊक होतं. खारूताईने तिला गळ्याची शपथ घातली होती, बाबांना सांगायचं नाही. बाबा घरात आले की ती त्या खाचांवर अंगठा ठेवून मला धरायची आणि आई हसू लपवायला तोंड फिरवायची. खाचा आणखी कुणाला दिसल्या नाहीत. मला मात्र त्यांचा गर्व होता. इतकं प्रेम कितीशा पेनांच्या वाट्याला येतं?

मग ताप आला. साधाच वाटला होता. आईला मात्र पहिल्या दिवसापासून चैन नव्हतं. ती घडीघडी कपाळाला हात लावायची, झोपलेल्या लेकीचे श्वास मोजायची. थर्मामीटरचे आकडे ती माझ्याच शाईने वजाबाकीच्या वहीत मागच्या पानावर लिहायची. दवाखान्यातही तिने मला आणि वहीला सोबत नेलं. आकडे वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले. सहाव्या दिवशी दुपारी तिने एक आकडा लिहिला आणि मला टोपण लावलं. त्यानंतर मी काहीही लिहिलेलं नाही.

घरी मला स्वयंपाकघरातल्या खणात जागा मिळाली, कात्री आणि दोऱ्याच्या रिळांशेजारी. रोज दुपारी आई खण उघडायची, मला बाहेर काढायची आणि अंगठा त्या तीन खाचांवरून फिरवायची. पहिली, दुसरी, मोकळी जागा, तिसरी. मग मला परत ठेवायची आणि कामाला लागायची. वर्षभर तिने दुसरं काही मागितलं नाही.

एके दिवशी बाबांनी हे दारातून पाहिलं. त्यांना बोलणं कधी जमलं नाही. जे सांगायचं ते हाताने करून दाखवायचे. त्यांनी पाहिलं ते इतकंच, की बायको एक निस्तेज, ओरखडलेला पेन हातात घेऊन बसते आणि तिचा चेहरा उतरतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला गुपचूप खिशात टाकलं.

कारखान्यात त्यांनी मला उजेडात धरलं. खाचांवर त्यांचं नख थांबलं. "कात्री लागली," ते स्वतःशीच म्हणाले. खोल खुणा काढायच्या तर जाड पेपरपासून सुरुवात करावी लागते. त्यांनी वाटीत पाणी भरलं.

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी त्याच क्षणी ओरडलो असतो. पहिली खाच गेली. दुसरी गेली. मोकळी जागा आणि अंग एक झालं. तिसरी सगळ्यात खोल होती, तिच्यासाठी बाबांनी पेपर बदलून घेतला. ते इतक्या मायेने घासत होते की मला त्यांचा रागही करता येईना. एकही नंबर त्यांनी गाळला नाही. वाटीतलं पाणी दुधासारखं झालं आणि त्यांनी ते मोरीत ओतून टाकलं.

संध्याकाळी आई कपड्यांच्या घड्या करत होती. बाबा चपला न काढताच आत आले आणि मला पुढे धरलं. "बघ. दिला होता तसा करून आणलाय."

आईने मला घेतलं. अंगठा सवयीने शेपटाशी गेला आणि घसरला. तिने पुन्हा फिरवला. मला उलटं केलं, दुसऱ्या बाजूने पाहिलं.

"इथे तिचे दात होते हो," ती म्हणाली.

बाबांना आधी कळलंच नाही. मग तिने शपथेची गोष्ट सांगितली, अंगठ्याखाली लपवलेल्या खाचांची, पडलेल्या दाताची. आणि शेवटी म्हणाली, की चूक तुमची नाही, मीच सांगायला हवं होतं; पण तिचं एवढं एकच गुपित माझ्याजवळ उरलं होतं.

बाबा जमिनीवर बसले. त्यांनी मला तिच्या हातून घेतलं आणि माझं टोक स्वतःच्या दातांत धरलं.

आईने ते हलकेच काढून घेतलं. "राहू द्या," ती म्हणाली. "तुमचे दात मोठे आहेत."

आता कारखान्यात कुणी जुना पेन चकचकीत करायला आणला, की बाबा पाण्याला हात लावण्याआधी विचारतात, "यावरचा कुठला चरा ठेवायचा?" काही जण हसतात. काही जण मात्र पेन परत मागून घेतात आणि उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहतात.

मित्रांनो, तुम्हीही विचारत जा. वस्तू जपणं म्हणजे ती नेहमी नवी करणं नव्हे. कुणाची भिंत रंगवण्याआधी, कुणाचं दप्तर धुण्याआधी, त्यावर कोण राहून गेलंय ते एकदा घरच्या माणसांना विचारा. घासलेलं परत भरून येत नाही.

मी अजून त्याच खणात आहे. आईने कात्री दुसरीकडे ठेवली आहे. दुपारी ती मला काढते, आणि अंगठा अजून तिथेच जाऊन थांबतो. मी इतका लखलखीत झालोय की माझ्यात तिला स्वतःचा चेहरा दिसतो. तो बघायला तिने मला कधीच हातात घेतलं नव्हतं.