खांब जागेवर आहे

सॅन्टन तुस्कानोला चालण्याचा पगार मिळत असे. कंपनीच्या कागदावर तो 'लाइन वॉकर', गावाच्या तोंडी नुसता 'गॅसवाला'. वसईच्या पश्चिमेकडच्या तीन गावांतून जमिनीखालून गॅसची पिवळी वाहिनी गेली आहे. तिच्या डोक्यावरून रोज चालायचं, कुठे कोणी खणत नाही ना ते बघायचं आणि महिनाअखेर तक्त्यावर एकेका खांबापुढे लिहायचं : जागेवर आहे. असे एकेचाळीस खांब, कमरेइतके उंच, पिवळे, 'सावधान, खाली गॅसवाहिनी' असं लिहिलेले. वाहिनी दिसत नाही, खांब दिसतो. म्हणून खांब वाहिनीच्या बरोबर वर हवा, एवढंच त्यातलं शास्त्र. नोकरी लहान होती, पण माणूस कामाला चोख, आणि तसं म्हणवून घ्यायला त्याला आवडायचंही.

एकोणतिसावा खांब नेमका त्याच्या थोरल्या भावाच्या, निकोलसच्या अंगणात होता, रस्त्याच्या अंगाला. तिथे तो अकरा वर्षं कोणाच्या अध्यात ना मध्यात उभा होता. मग बेलाचं लग्न ठरलं. निकोलसची एकच मुलगी, त्यात जावई परदेशी नोकरीला, तेव्हा मांडव अंगणभर हवाच. आणि मांडवाच्या ऐन तोंडाशी, चर्चमधून आल्यावर नवरानवरी ज्या जागी उभी राहणार त्या जागी, हा पिवळा दांडका.

"लग्नाच्या फोटोत माझ्या पोरीच्या मागे 'सावधान' लिहिलेलं येणार?" निकोलस म्हणाला. "चार दिवस काढ की रे, सॅन्टन. तूच तर मालक त्याचा."

सॅन्टनने काढला. स्वतःच्या हाताने, पहारीने. त्या वेळी हसतच काढला, कारण लाडक्या पुतणीच्या लग्नात काका तोंड वाकडं करून कसा वागेल? लग्न झालं, बँड वाजला, पाहुणे गेले. खांब परत लावायची वेळ आली तेव्हा निकोलस चिकूच्या झाडाकडे बोट दाखवून म्हणाला, "तिथे कडेला लाव. उद्या माझ्या पोराचं, स्टीवनचं लग्न निघेल, परत उपटत बसणार का?" चिकू आठ हात आत, घराच्या बाजूला. सॅन्टन जरा घुटमळला, पण दादाच्या शब्दापुढे त्याने कधी तोंड उघडलं नव्हतं. खांब चिकूपाशी गेला.

त्या महिन्याचा तक्ता भरताना त्याचा हात अडला होता, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. पण अडलेला हात पुढे सरकला. तक्त्याला जोडायचा फोटो काढायचा तो जवळून, खांबावरचा आकडा दिसला की कचेरीचं समाधान. पहिल्या महिन्यात त्याला चोरी केल्यासारखं वाटलं, दुसऱ्या महिन्यात कमी वाटलं, सहाव्यात काहीच वाटलं नाही. पुढे खोटं लिहितोय हेही त्याच्या मनातून गेलं. बावीस वेळा स्वतःच्या अक्षरात 'जागेवर आहे' वाचल्यावर माणसाला ते खरं वाटायला लागतं. खोट्यातली ही सगळ्यात हरामखोर गोष्ट आहे. खोटं आधी बोलणाऱ्यालाच फसवतं.

मग रस्त्याकडेच्या गटाराचं काम निघालं. ठेकेदाराचा जेसीबी आला. चालवणारा प्रितेश, चिंचोटीकडचा, सव्वीस वर्षांचा, नेमस्त पोरगा. गॅसवाल्याने समोर उभं राहून जागा दाखवल्याशिवाय खणायचं नाही असा नियम, आणि प्रितेशने तो पाळला. बाकीचे चालक शिट्टी मारत खणत सुटतात. हा पाऊण तास यंत्र बंद करून सॅन्टनची वाट बघत बसला होता.

"साहेब, कुठून जाते लाइन?"

नियमाने सॅन्टनने नकाशा बघायला हवा होता. नकाशा तुळिंजच्या कचेरीत, आणि खांब डोळ्यांसमोर. त्याने चिकूकडे हात केला. "त्या खांबाखालून. रस्त्याच्या अंगाला मोकळं आहे, बिनधास्त घाल."

प्रितेशने बिनधास्त घातला. तिसऱ्या घासाला फावड्याच्या दातात पिवळा तुकडा आला आणि कुकरची शिटी अडकून बसावी तसा आवाज सुरू झाला. तेवढ्या क्षणात सॅन्टनला सगळं आठवलं. तो "बंद कर! पळ!" म्हणून ओरडला. प्रितेश यंत्र बंद करून खाली उडी मारत होता, तेवढ्यात भडका उडाला.

सॅन्टनच्या भुवया जळल्या, बस. चिकूचं झाड जळून कोळसा झालं आणि त्यापाशी लावलेला खांबही वितळला. दोन दिवसांत वाहिनी दुरुस्त झाली, खड्डा बुजला, आणि दुरुस्तीवाल्यांनी नवा एकोणतीस नंबरचा खांब आणून नियमाप्रमाणे बरोबर वाहिनीवर रोवला. जुना कुठे होता हे आता तीनच माणसांना ठाऊक होतं. त्यातला एक भाजलेल्यांच्या वॉर्डात होता.

चौथ्या दिवशी चौकशीला कंपनीकडून बाई आल्या, उन्नती म्हणून. मोजायची टेप आणली होती, नकाशा आणला होता, बावीस तक्तेही आणले होते. निकोलस ओट्यावर उभा होता. त्याने आदल्या दिवशीच भावाला सांगून ठेवलं होतं, "तू तुरुंगात, मी तुरुंगात, आणि त्याने तो पोरगा बरा होणार आहे का?"

"चालक म्हणतो खांब झाडापाशी होता," बाई म्हणाल्या. "तुमचे तक्ते म्हणतात जागेवर होता. तुम्ही काय म्हणता?"

त्यांनी प्रश्न सरळ विचारला होता आणि उत्तराची वाटही बघितली. सॅन्टनने भावाकडे पाहिलं, मग स्वतःच्या सहीकडे.

"जागेवर होता," तो म्हणाला. "मी त्याला लांब खणायला सांगितलं होतं. त्याने ऐकलं नाही."

हे त्यांनी लिहून घेतलं आणि त्याने खाली सही केली. प्रितेशवर निष्काळजीपणाचा गुन्हा लागला. ठेकेदाराने हात वर केले. ज्याची चूक त्याला भरपाई कसली?

त्यानंतर सॅन्टनला अन्न जाईना. रविवारी मिस्साला तो गेला, पण मनात पाप ठेवून कम्युनियनचा प्रसाद घ्यायच्या रांगेत उभं राहायची त्याला हिंमत झाली नाही. बायको एलिनाने कारण विचारलं तेव्हा तो तिच्या अंगावर खेकसला. आठव्या दिवशी कोणालाही न सांगता तो इस्पितळात पोचला.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर यमुना बसली होती, प्रितेशची बायको. सॅन्टनच्या शर्टावरचं कंपनीचं नाव वाचून ती ताडकन उठली.

"तुमी गॅसचे साहेब ना? आलात बाई एकदाचे!" ती रडायलाच लागली. "रोज इचारतो तुमाला. पोलीस आले तवा बी म्हनला, साहेबांना बोलवा, ते उभे होते तिथं, ते सांगतील. डॉक्टर म्हनतात आता काय भरवसा नाय. तुमी सांगितलंत ना त्यांना?"

पळून जावं असं सॅन्टनला वाटलं. जिना चार पावलांवर होता. पण ती इतक्या विश्वासाने बघत होती की त्याने तोंड उघडलं.

"सांगितलं," तो म्हणाला. "खोटं सांगितलं. खांब मीच हलवला होता. भावाच्या घरच्या लग्नासाठी. तुझ्या नवऱ्याने मी दाखवलं तिथेच खणलं, आणि मी लिहून दिलं की त्याने ऐकलं नाही. मी आता जातो आणि खरं लिहून देतो. आत्ताच जातो. पण आधी त्याला सांग. त्याची काही चूक नव्हती म्हणून सांग."

यमुनाने त्याला मारलं असतं तर बरं झालं असतं. तिने फक्त डोळे पुसले, नर्सने दिलेला हिरवा झगा चढवला आणि आत गेली.

सॅन्टन भिंतीला टेकून उभा राहिला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा थकलेला होता.

"सांगितलं मी," ती म्हणाली. "दोनदा सांगितलं. पन तो मानतच नाय. म्हनतो, साहेब तसे नाहीत, त्यांना कुनीतरी दम दिला असंल." ती झग्याची नाडी सोडत थांबली. "तुमाला सांभाळून राहा म्हनलाय."